छतावर तंबू, चाकाखाली खडी: नामिबिया स्वतः गाडी चालवत फिरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाई, एका जुलैत अठरा दिवस नामिबियात भाड्याच्या गाडीत राहिलो. परत आल्यापासून सोसायटीच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये तेच ते प्रश्न विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

आफ्रिका म्हणजे केनिया-टांझानिया ना? मग नामिबिया कशाला?

ड्रायव्हर आणि गाइड सोबत असलेल्या जीपमधून प्राणी बघायचे असतील तर केनिया-टांझानिया उत्तमच. पण स्टिअरिंग आपल्या हातात हवं असेल, रोज कुठे थांबायचं हे आपणच ठरवायचं असेल, तर नामिबियाइतका सोपा देश दुसरा नाही, असं माझं मत. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. देश सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटीहून मोठा, आणि माणसं सगळी मिळून तीस लाखांच्या आसपास. पुणे शहरात याहून जास्त लोक राहतात. समोरून गाडी आली की दोन्ही ड्रायव्हर हात वर करतात, कारण पुढची कधी दिसेल सांगता येत नाही. शिवाय वाळवंट, समुद्र आणि सिंह-गेंड्यांचं अभयारण्य एकाच फेरीत होतं.

कॅम्परव्हॅन घ्यावी की छतावर तंबू असलेली गाडी?

कॅम्परव्हॅन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पलंग, ओटा आणि संडास असलेली मोठी पांढरी व्हॅन येते. ती तिथे मिळते, आणि डांबरी रस्त्यांवर, इटोशा अभयारण्याच्या आतही चालते. पण नामिबियातले बहुसंख्य रस्ते खडीचे आहेत. त्यांवर त्या व्हॅनचा ओटा, कपाटं आणि तुमची कंबर सगळं खिळखिळं होतं.

तिथली खरी फिरती घरं म्हणजे बक्की. आपण जिला पिकअप म्हणतो तिला दक्षिण आफ्रिकेपासून नामिबियापर्यंत सगळे बक्की म्हणतात. बहुतेक वेळा टोयोटा हायलक्स, फोर बाय फोर, दोन ओळी सीटच्या. वर घडीचे एक किंवा दोन तंबू, मागे फ्रीज, त्याच्यासाठी वेगळी बॅटरी, गॅसची टाकी, भांडी, खुर्च्या, पाण्याचा कॅन. संध्याकाळी शिडी ओढली की तंबू उघडतो. पहिल्या दिवशी आम्हाला चाळीस मिनिटं लागली, चौथ्या दिवसापासून आठ. घडी घालताना मात्र शेवटपर्यंत भांडणं झाली.

आपलं लायसन्स चालतं का?

आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या, ते एक वर्षाचं असतं. मूळ लायसन्सही सोबत ठेवा. रस्त्यावर पोलिसांचे नाके लागतात, तिथे दोन्ही दाखवली की शुभेच्छा देऊन सोडतात. बहुतेक भाड्याच्या गाड्या हाताने गिअर टाकायच्या असतात, आपल्याला त्यात नवीन काही नाही.

विमान, व्हिसा, लस?

मुंबईहून विंडहुकला, म्हणजे नामिबियाच्या राजधानीला, थेट विमान नाही. इथिओपियातल्या अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे जावं लागतं. व्हिसा लागतो, आणि तो कसा काढायचा याचे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी नामिबिया सरकारच्या पोर्टलवर बघा.

लशीकडे लोक दुर्लक्ष करतात. इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतो, त्यामुळे तिथे मुक्काम किंवा लांबलचक थांबा झाला तर पिवळं कार्ड, म्हणजे पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र, मागितलं जाऊ शकतं, परतताना आपल्या विमानतळावरसुद्धा. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. एकदा घेऊन टाका. इटोशा आणि उत्तरेकडे मलेरियाचा धोका असतो, पावसाळ्यात जास्त. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

कधी जावं?

मे ते ऑक्टोबर. पाऊस नसतो, झुडपांची पानं गळतात आणि प्राण्यांना पाणवठ्यावर यावंच लागतं. ताडोबात मे महिन्यात वाघ का दिसतो, त्याचंच हे गणित. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्राणी सर्वांत जास्त, पण ऊनही तसंच. आम्ही जुलै निवडला. दिवस पुण्याच्या डिसेंबरसारखे, रात्री मात्र वाळवंटात पारा शून्याजवळ जातो. कानटोपी, लोकरी मोजे आणि आणखी एक पांघरूण न्या. आफ्रिकेत स्वेटर कशाला, असं म्हणणाऱ्या सासूबाईंनी दुसऱ्या रात्री माझी शाल पळवली.

किती दिवस, कोणता मार्ग?

चौदापेक्षा कमी असतील तर जाऊ नका, किंवा निम्मा मार्ग गाळा. आमचा मार्ग असा होता: विंडहुकहून साधारण ३५० किलोमीटरवर सेसरीम (सोससव्लेईच्या लाल वाळूच्या टेकड्यांचं प्रवेशद्वार), तिथून सॉलिटेअर आणि क्विसेब घाटातून वॉल्विस बे आणि स्वाकोपमुंड, मग श्पित्सकोप्पेचे ग्रॅनाइटचे सुळके, ट्वायफलफॉन्टेनची खडकांवरची कोरीव चित्रं, आणि शेवटी इटोशा. पश्चिम-दक्षिणेकडून शिरून पूर्वेच्या फॉन लिंडेक्विस्ट गेटमधून बाहेर पडलो आणि डांबरी रस्त्याने विंडहुकला परतलो. अभयारण्यातल्या चकरा धरून अडीच हजार किलोमीटरच्या वर झाले.

नकाशावर ३५० किलोमीटर बघून "पुणे-गोव्यापेक्षा कमीच की" म्हणू नका. खडीवर त्याला पाच-सहा तास लागतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज नवीन ठिकाण. आमच्या यादीत सुरुवातीला अकरा मुक्काम होते, ते सात केले आणि सहल वाचली. इटोशाला पाच रात्री दिल्या, त्याही कमी वाटल्या.

खडीचे रस्ते म्हणजे आपल्या खेड्यातल्यासारखेच ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. रुंद, सरळसोट, गुळगुळीत दिसणारे रस्ते असतात. वर भुसभुशीत खडी, खाली पत्र्यासारख्या पन्हाळी. कायद्याने शंभरची मर्यादा असली तरी भाड्याने देणारे बहुधा ऐंशीची घालतात आणि ती बरोबर आहे. ऐंशीच्या वर गाडी रस्त्याला धरून नसते, ती खडीवरून घसरत असते. तेव्हा अचानक ब्रेक मारला किंवा स्टिअरिंग झटकलं, की गाडी उलटते. नामिबियात पर्यटकांचा खरा शत्रू सिंह नाही, रिकाम्या रस्त्यावर आलेला कंटाळा आणि वेग आहे.

टायरमधली हवा रस्त्याप्रमाणे बदलायची. भाड्याने देणारे तक्ता देतात. साधारणपणे डांबरीवर ३२ पीएसआय असेल तर खडीवर २६ च्या आसपास, आणि मऊ वाळूत थेट १५ ते १८. गाडीत कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं मीटर आहे ना, हे ताब्यात घेतानाच बघा. दोन स्टेपन्या मागा. आमच्या गाडीला दोन होत्या, पण दुसरीचे नट उघडणारा पानाच नव्हता. हे आम्हाला कळलं ट्वायफलफॉन्टेनच्या अलीकडे, पहिलं टायर फाटल्यावर. सुदैवाने पहिल्या स्टेपनीचा पाना होता. तेव्हापासून माझा नियम: गाडी घेताना तिथल्या माणसासमोर एक टायर काढून पुन्हा बसवायचं. तो कंटाळतो, कंटाळू द्या.

विम्यात टायर, काच, गाडीचा तळ, आणि दुसरी गाडी नसताना आपणच उलटण्याचा अपघात हे चारही येतात का, ते अक्षर न अक्षर वाचा. शेवटचा प्रकार तिथे सर्वांत जास्त होतो आणि स्वस्त विम्यातून तोच वगळलेला असतो.

अंधार पडला तर थोडं हळू चालवत जायचं, नाही का?

नाही. रात्री गाडी चालवायचीच नाही. कुडू हे घोड्याएवढं हरीण रस्त्याकडेच्या झुडपातून दिव्याच्या झोतात उडी मारतं. बहुतेक विमा कंपन्या सूर्यास्तानंतरचा अपघात भरून देत नाहीत. जुलैत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाला मावळतो, त्यामुळे चारपर्यंत मुक्कामी पोहोचायचं असं धरूनच निघा.

सोससव्लेईच्या वाळूत गाडी अडकते का?

अडकते. आमचीही अडकली.

सेसरीमच्या गेटपासून साठ किलोमीटर डांबरी रस्ता आहे, दोन्ही बाजूंना लाल वाळूच्या टेकड्या. पंचेचाळिसाव्या किलोमीटरवरची म्हणून एकीचं नावच ड्यून ४५. डांबर संपल्यावरचे शेवटचे पाच किलोमीटर मऊ वाळूचे. तिथे फोर बाय फोर लागतेच, नाहीतर गाडी लावून सरकारी शटलने जायचं, त्यात कमीपणा काही नाही. स्वतः जाणार असाल तर हवा आधी कमी करा, लो रेंज (फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टाका, एका लयीत चालवा आणि मऊ जागी फोटोसाठी थांबू नका. माझ्या नवऱ्याने शेवटची सूचना पाळली नाही. अर्धा तास हातांनी वाळू उपसल्यावर शेजारच्या गाडीतल्या जर्मन आजोबांनी येऊन हवा आणखी थोडी सोडली आणि गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली.

सेसरीमच्या सरकारी कॅम्पमध्येच राहा. तो बाहेरच्या गेटच्या आत आहे, आणि आत राहणाऱ्यांसाठी पुढचं गेट सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. बाहेरच्यांना सूर्य उगवेपर्यंत थांबावं लागतं. पहिल्या उन्हात टेकडीची एक बाजू शेंदरी आणि दुसरी काळी दिसते, ते त्या एका तासाचंच.

डेडव्लेईला चालत जावं लागतं, एक किलोमीटरच्या थोडं पुढे. पांढऱ्या चिकणमातीच्या तळावर बाभळीच्या जातीची वाळलेली झाडं उभी आहेत. वाळूच्या टेकड्यांनी पाण्याची वाट अडवली आणि ती मेली, त्याला कित्येक शतकं झाली. हवा इतकी कोरडी की ती कुजतही नाहीत. मागची बिग डॅडी टेकडी सव्वातीनशे मीटरची. आम्ही दोघं चढलो. सासूबाई खाली एका वाळलेल्या बुंध्याजवळ बसून राहिल्या. आम्ही उतरलो तेव्हा म्हणाल्या, "इथे कानात स्वतःचं रक्त ऐकू येतं गं."

इटोशात प्राणी खरंच दिसतात, की नशिबावर असतं?

पळालात तर नशिबावर. बसलात तर दिसतात.

इटोशा २२ हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्याच्या आत साधारण ४,८०० चौरस किलोमीटरचं वाळलेलं खारं तळं आहे, दुपारी डोळे दिपतील इतकं पांढरं. पाणी असतं ते त्याच्या दक्षिण काठावरच्या झऱ्यांवर आणि बोअरच्या पाणवठ्यांवर, आणि रस्ते या पाणवठ्यांना जोडूनच काढलेले आहेत. नवखे लोक एका पाणवठ्यावर पाच मिनिटं थांबतात, काही नाही म्हणून पुढच्यावर जातात, दिवसभर दीडशे किलोमीटर धूळ खातात आणि रात्री म्हणतात, आज काही दिसलं नाही. आम्हीही पहिल्या दिवशी तेच केलं.

दुसऱ्या दिवशी एकाच ठिकाणी इंजिन बंद करून साडेतीन तास बसलो. थर्मासमध्ये चहा, डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि ब्रेड. पहिला तास एक कोल्हा आणि गिनी फाउल कोंबड्या. मग झेब्र्यांची रांग आली, पण पाण्यापासून शंभर पावलांवर थबकली. पुढचा एक पाऊल टाकायचा, मागे यायचा. वीस मिनिटं हेच. आम्हाला काही दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं: उजवीकडच्या झुडपाच्या सावलीत दोन सिंहिणी आम्ही येण्याच्या आधीपासून पडून होत्या. बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्याकडे मचाणावर बसून जे पाणवठ्यावरची गणना करून आले आहेत त्यांना हे सांगायला नको.

रात्रीसाठी ओकाउक्वेयो कॅम्प. त्याच्या कुंपणाला लागूनच पाणवठा आहे, त्यावर मंद दिवे आणि अलीकडे दगडी भिंतीमागे बाकडी. काळे गेंडे, जे दिवसा सहसा झुडपाबाहेर येत नाहीत, ते रात्री इथे येतात. आम्ही एका रात्रीत चार पाहिले. त्यांतल्या एकाचं शिंग बुंध्यापाशी कापलेलं होतं. चोरट्या शिकाऱ्यांना मोह नको म्हणून वनखातंच बेशुद्ध करून ते कापतं. नामिबियाने ही पद्धत १९८९ साली सुरू केली. गेंड्याचा फोटो ठिकाण आणि वेळेसकट समाजमाध्यमांवर टाकू नका, ती माहिती नको त्यांच्याही उपयोगाची असते.

इटोशात रानम्हशी आणि पाणघोडे नाहीत. बिग फाइव्हची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादी पुरी करायची असेल तर दुसरीकडे जा.

आतले नियम: ताशी साठची मर्यादा, गाडीतून उतरायचं नाही, गेट सूर्योदय ते सूर्यास्त, ड्रोन बंद. एक गोष्ट मात्र फलकावर वाचायला मिळत नाही. या जमिनीवर सान समाजातले हाइओम लोक राहत आणि शिकार करत. १९५०च्या दशकात त्यांना इथून बाहेर काढलं गेलं.

रात्री तंबूजवळ सिंह आला तर?

सरकारी कॅम्पना कुंपण असतं. सिंहाची डरकाळी ऐकू येते, आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच लांबून येत असते. आत येतात ते कोल्हे आणि हनी बॅजर. बूट, चमचे, तव्याला लागलेला अंड्याचा वास, सगळं त्यांचं. बूट बाहेर ठेवू नका. इटोशातल्याच हलाली कॅम्पवर एका हनी बॅजरने आमच्यासमोर कचऱ्याचा डबा पाडला, शांतपणे निवडानिवड केली आणि निघून गेला.

कुंपण नसलेल्या कॅम्पमध्ये अंधार पडल्यावर शिडीवरून खाली येण्याआधी टॉर्च गोल फिरवून डोळे चमकतात का बघा.

मग रात्री बाथरूमचं काय? आणि आंघोळ?

हा प्रश्न सगळे खालच्या आवाजात विचारतात. कॅम्पवर सामायिक संडास-न्हाणीघरं असतात आणि आपल्या कितीतरी हायवेंवरच्यापेक्षा स्वच्छ असतात. पण तंबूतून शिडी उतरून जावं लागतं. सासूबाईंसाठी आम्ही शिडीला पकडायला दोरी बांधली आणि संध्याकाळी सहानंतर चहा बंद केला. गुडघे दुखत असतील तर जमिनीवरचा तंबू मागा, किंवा काही रात्री खोली घ्या.

गरम पाणी बऱ्याच खासगी कॅम्पवर लाकडं पेटवलेल्या टाकीतून येतं. तिला तिकडे डाँकी म्हणतात. पहिल्यांदा बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर बंब!" आणि त्या कॅम्पवर रोज सकाळी पाणी तापवायची जबाबदारी त्यांनी घेतली.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

हॉटेलांच्या भरवशावर राहिलात तर जवळजवळ हो. तिथे संध्याकाळ म्हणजे ब्राय, लाकडांच्या निखाऱ्यावर भाजलेलं मांस. पण प्रत्येक कॅम्पवर आपली स्वतंत्र चूल असते. विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, मसूर, कांदे, बटाटे, दही सगळं मिळतं. घरून फक्त गोडा मसाला, हिंग आणि छोटा कुकर नेला. निखाऱ्यावरची वांगी आणि कणसं तिथे शेजारच्या दोन तंबूंत वाटावी लागली.

आणि महांगू विसरू नका. उत्तर नामिबियातल्या ओवाम्बो लोकांचं ते मुख्य धान्य, त्याचं पीठ दुकानात मिळतं. महांगू म्हणजे आपली बाजरी. मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आलेली. श्पित्सकोप्पेच्या खडकाखाली सासूबाईंनी तिची भाकरी थापली, पीठ जरा भरड असल्याने कडा फाटल्या, पण चव तीच.

मांस खाणाऱ्यांसाठी एक सूचना: जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून देशाच्या उत्तर भागात आडवं कुंपण आहे. त्याच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना नाक्यावर कच्चं मांस काढून घेतात.

कुनोतले चित्ते इथलेच ना? ते दिसले का?

पहिले आठ इथलेच, १७ सप्टेंबर २०२२ला आणलेले. त्यानंतरचे बारा दक्षिण आफ्रिकेतून आले. आम्हाला इटोशात चित्ता दिसला नाही, आणि त्यात आश्चर्य नाही. नामिबियातले बहुतेक चित्ते अभयारण्यात नव्हे तर खासगी गुरांच्या शेतांवर राहतात, कारण अभयारण्यात सिंह आणि तरस त्यांची शिकार हिसकावतात, पिल्लं मारतात. पण शेतावर गाठ शेतकऱ्याच्या बंदुकीशी. ओचिवारोंगोजवळ चीता कन्झर्वेशन फंडचं केंद्र आहे, वाटेवरच पडतं. तिथे शेतकऱ्यांना राखणीची मोठी कुत्री पाळून देतात. कुत्रं भुंकलं की चित्ता निघून जातो आणि बंदूक भिंतीवरच राहते. अर्धा दिवस द्या.

स्वाकोपमुंड अगदी युरोपसारखं आहे म्हणे?

दिसतं तसं. जर्मन बेकऱ्या, लाकडी पट्ट्यांची घरं, आणि थंड बेंग्वेला प्रवाहामुळे सकाळी दाट धुकं. वाळवंटातून आल्यावर गरम केक खाताना बरंही वाटतं. पण १९०४ ते १९०८ मध्ये याच जर्मन वसाहतीच्या सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, आणि या गावातही बंदी छावणी होती. गावाच्या कडेला वाळूत बिनशिळांच्या थडग्यांचे उंचवटे आहेत. केक खाऊन झाल्यावर तिथेही जा. जर्मनीने हा वंशसंहार होता असं अधिकृतपणे म्हटलं २०२१ मध्ये.

मोबाइलला रेंज? चार्जिंग?

गावांत रेंज असते, मध्ये नसते. विमानतळावर स्थानिक सिम घ्या आणि नकाशे आधी उतरवून ठेवा. चार्जिंगला ॲडॅप्टर विकत घेऊ नका. तिथली सॉकेटं म्हणजे आपल्या गीझरची जाड तीन पिनांची. घरातून एक्स्टेंशन बोर्डला ती पिन लावून न्या, झालं काम.

पाणी आणि डिझेल?

अर्धी टाकी झाली की पुढचा पंप दिसेल तिथे भरा, पुढच्याच्या भरवशावर राहू नका. माणूस येऊन भरून देतो, काच पुसतो, त्याला बक्षीस द्या. सामानाने भरलेली बक्की लिटरला आठ-नऊ किलोमीटर देते. पाणी माणशी रोज पाच लिटर धरा आणि एक भरलेला कॅन कधीही न उघडता ठेवा. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत सारखी, रँडही सगळीकडे घेतात. उरलेले नामिबियन डॉलर मात्र जोहान्सबर्गला कोणी घेणार नाही.

लहान मुलांना न्यावं का?

सहा-सातच्या पुढची असतील तर जरूर. त्याहून लहान मुलांना रोज पाच तास गाडीत बसवणं हा त्यांच्यावर आणि तुमच्यावर अन्याय आहे.

गाडी परत करताना काय बघावं?

विमान संध्याकाळचं असेल तरी गाडी सकाळी द्या, तपासणीला तास-दीड तास लागतो. घेताना काढलेले प्रत्येक ओरखड्याचे फोटो जवळ ठेवा, आम्हाला दोन जुन्या खड्ड्यांचे पैसे मागितले होते ते त्या फोटोंमुळे वाचले. उरलेलं धान्य आणि तेल शेवटच्या कॅम्पवरच्या सफाईच्या बायकांना विचारून देऊन टाका. आमच्याकडे अर्धा किलो महांगूचं पीठ उरलं होतं, ते मात्र सासूबाईंनी कोणाला दिलं नाही.